साताऱ्याच्या डोंगरवाटांसाठी दोन हजारांत हत्यारांची चंची

दरवर्षी मे सरत आला, वळवाचे दोन पाऊस होऊन गेले की मला तोच प्रश्न येतो. कधी भाचा विचारतो, कधी सोबत ट्रेकला येणारी कॉलेजची मुलं. "ताई, मल्टिटूल कुठलं घेऊ? मोबाइलवर अठरा हत्यारांचा सर्वायव्हल संच सहाशेला दिसतोय. मागवू का?" मल्टिटूल म्हणजे एकाच मुठीत पक्कड, पातं, स्क्रूड्रायव्हर असं सगळं मिटून बसणारं हत्यार. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगते आणि हमखास काहीतरी राहून जातं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढलं. अजिंक्यतारा पायाखालचा झालाय, आता चंदन-वंदन, कल्याणगड, पांडवगड, जमलं तर वासोटा करायचाय, पण खिशात पैसे मोजकेच आहेत, अशा नवख्यांसाठी हे आहे.

अठरा हत्यारांचा संच मागवू नका. का ते पुढं येईलच. त्याच पैशांत, किंवा थोडे जास्त घालून, कामाची चंची स्वतः जुळवता येते. आमच्या आजीकडं पानाची चंची होती. एका कप्प्यात अडकित्ता, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी. वीज गेली तरी तिचा हात नेमका हव्या त्या कप्प्यात जायचा. आपल्यालाही तसंच काहीतरी करायचंय.

आधी कागद घ्या

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ घरी बसा. गेल्या वर्षभरात घराबाहेर तुमचं काय मोडलं, काय तुटलं, कुठं अडलं ते आठवून लिहा. माझी यादी अशी होती: बुटाचा तळ निघाला, दोनदा. करवंदीचा काटा बोटात मोडून आत राहिला. सॅकचा पट्टा शिवणीतून उसवला. ठोसेघरच्या रस्त्यावर गाडीच्या आरशाचा नट ढिला झाला. बँडेज कापायचं होतं, दोरी कापायची होती, चिकटपट्टी कापायची होती. बस एवढंच.

या यादीत बिबट्याशी झुंज नाही आणि झाड तोडून झोपडी बांधणंही नाही. डोंगरात येणारी संकटं बहुतेक वेळा लहान असतात. अंधार पडायला तासभर उरलेला असताना ती आली की मोठी होतात. तुमच्या यादीत जी कामं आली, त्यांच्यासाठीच हत्यार घ्यायचं.

बुटाच्या तळाचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे नव्या माणसाला हमखास भोवतं. ट्रेकच्या बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फोम असतो. बूट दोन-तीन वर्षं कपाटात नुसते पडून राहिले तरी हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चढावर अख्खा तळ जबड्यासारखा उघडतो. कल्याणगड उतरताना माझ्या मैत्रिणीच्या बुटाचं असंच झालं. माझ्याकडं तेव्हा चोवीस हत्यारांचं एक स्वस्तातलं मल्टिटूल होतं. तार पिळायला जोर लावला आणि पकडीची खीळच बाहेर आली. शेवटी खालच्या वाडीतल्या एका आजोबांनी घरातली साधी पक्कड आणून दिली तेव्हा काम झालं.

दुरुस्ती अशी करतात. तळाच्या कडेला टोच्यानं दोन्ही बाजूंना भोकं पाडा. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर त्यातून ओवा. एक फेरा बोटांच्या मागं, एक पावलाच्या कमानीखाली. पकडीनं पीळ द्या, टोकं पायाच्या आत नव्हे तर बाहेरच्या बाजूला वळवून दाबा आणि वरून कापडी चिकटपट्टी गुंडाळा. गाडीपर्यंत निवांत पोचता. एवढ्या कामासाठी टोच्या, पक्कड, तार आणि पट्टी लागली. चोवीसातली बाकीची हत्यारं तशीच राहिली.

चाकूचं घराणं की पकडीचं

मल्टिटूलची दोन घराणी आहेत आणि पहिली निवड इथंच करायची असते. पहिलं स्वित्झर्लंडचं. इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये सैनिकांसाठी घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध अधिकारी-चाकू नोंदला गेला. त्याच वंशातला आजचा लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स. दुसरं घराणं अमेरिकेतलं. टिम लेदरमन हा तरुण १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोपभर हिंडत होता. गाडी आणि हॉटेलांतले नळ सारखे बिघडायचे आणि खिशातल्या चाकूनं भागायचं नाही. पक्कड असती तर, हा विचार त्यानं सोडला नाही. १९८३ मध्ये त्याचं पकडीभोवती रचलेलं हत्यार बाजारात आलं. आज आपण ज्याला सरसकट मल्टिटूल म्हणतो ते बहुतेक याच जातीचं असतं.

चाकूच्या घराण्यातलं हलकं असतं. त्यात कात्री आणि चिमटा चांगला मिळतो, खिशात टोचत नाही. पायी हिंडणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, काटे काढणाऱ्याला ते सोयीचं. पकडीच्या घराण्यातलं दोनशे-अडीचशे ग्रॅमपर्यंत जातं, पण तार पिळणं, नट धरणं, गरम भांडं उचलणं ही कामं त्यावाचून होत नाहीत. तुम्ही गाडीनं पायथ्यापर्यंत जाणार आणि मग चढणार, म्हणजे साताऱ्यातले आपण जवळजवळ सगळेच, तर पकडीचं घ्या. वर एक साधी टोकदार कात्री आणि चिमटा वेगळा ठेवा, कारण स्वस्तातल्या पकडी-मल्टिटूलमधली कात्री सहसा कापत नाही, चावते.

महागड्या नावांच्या मागं लागू नका. ती चांगलीच असतात, पण ही पहिली खरेदी आहे. हत्यार वापरायला हात शिकला की काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. पैसे तेव्हा घाला.

आणि अठरा-चोवीस हा आकडा येतो कुठून? पकडीचं टोक एक, मधला दातेरी भाग दुसरा, तार कापायचा भाग तिसरा, असं एका पकडीचं तीन मोजतात. मुठीवर कोरलेली सेंटिमीटरची पट्टी म्हणजे एक हत्यार. बाटली उघडायची खाच आणखी एक. मोजून पाहिलंत तर खरी कामाची सहा-सातच निघतात: पक्कड, तारेची कात्री, साधं पातं, फुलीचा आणि सपाट स्क्रूड्रायव्हर, टोच्या, आणि असली तर छोटी करवत. तुमची नजर या सातांवरच ठेवा.

दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी

शक्यतो हातात घेऊन घ्या. हार्डवेअरच्या किंवा शेतीच्या अवजारांच्या दुकानात मल्टिटूल नाही मिळालं तरी तिथला माणूस पोलाद ओळखतो. त्याच्याशी बोलल्यानं खूप कळतं. ऑनलाइन मागवलंत तर पार्सल आलं त्याच दिवशी या सगळ्या परीक्षा घरी करा, म्हणजे परत करायची मुदत हातची जाणार नाही.

पहिल्यांदा पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांना नीट भिडली पाहिजेत. टोकाशी फट दिसली तर काटा, खिळा, पातळ तार काही धरलं जाणार नाही. एक टोक दुसऱ्याच्या बाजूला सरकलेलं दिसलं तर लगेच खाली ठेवा. ते पुढं वाढतच जातं.

मग बिजागरी बघा. हत्यारांचं आयुष्य इथं ठरतं. ठोकून बसवलेली खीळ असेल तर ढिली झाल्यावर तुम्ही काही करू शकत नाही. स्क्रू असेल तर पुन्हा आवळता येतो. स्वस्तातही स्क्रूवाली मिळतात, थोडं शोधावं लागतं. पातं उघडून डावी-उजवीकडं हलकेच हलवा. केसभर हलणं चालेल, खडखड वाजलं तर नको.

त्यानंतर पात्याचा खटका. उघडलेलं पातं आपसूक मिटू नये म्हणून आत एक पट्टी सरकून अडते, त्यालाच खटका म्हणते मी. पातं उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवा आणि पात्याची पाठ लाकडाच्या फळीवर हलकेच दाबा. खटका सुटला तर ते हत्यार फुकट दिलं तरी घेऊ नका. जखमा बहुधा चाकू बोथट असल्यानं किंवा बोटावर मिटल्यानं होतात. धारदार आणि पक्क्या खटक्याच्या चाकूनं फार क्वचित. खटकाच नसलेला साधा चाकूही चालतो, पण मग त्यानं टोचायचं नाही, फक्त कापायचं.

दुकानदाराकडं बाइंडिंग वायरचा वीतभर तुकडा मागा. मी मागितला तेव्हा दुकानातले काका म्हणाले, "कापा की ताई, चार कापा." चार तुकडे केले आणि पकडीच्या धारेवरून नख फिरवलं. धारेत खाच पडली असेल तर पोलाद मऊ आहे. माझ्या हातातल्याला पडली होती. तिथंच परत ठेवलं, आणि काकांनीच आतून दुसरं काढून दिलं. मात्र सायकलच्या ब्रेकची केबल किंवा स्प्रिंगची तार यावर ही परीक्षा करू नका. ती तार कडक पोलादाची असते, चांगल्या पकडीचीही धार घालवते.

फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक दुकानातल्याच एखाद्या मध्यम स्क्रूत बसवून बघा. गाड्यांवर आणि घरात सगळ्यात जास्त दोन नंबरची फुली लागते. टोक डुगडुगत असेल तर स्क्रूचं डोकं झिजून जाईल आणि मग तो कुणालाच निघणार नाही.

शेवटची परीक्षा लोक करत नाहीत, म्हणून आग्रहानं सांगते. पक्कड घट्ट आवळून मिनिटभर धरा. मुठीच्या कडा तळव्यात रुतल्या तर पावसात, गार हातांनी, त्याच कडा कातडी सोलतील. आणि प्रत्येक पातं स्वतः नखानं उघडून बघा. बऱ्याच हत्यारांच्या खाचा इतक्या उथळ असतात की माझ्यासारखीचं नख मोडतं. आईसाठी किंवा शाळकरी पोरासाठी घेत असाल तर त्यांनाच उघडायला द्या.

चुंबक चिकटला तर बरंच

भांड्यांच्या दुकानात आपण चुंबक लावून बघतो. चिकटला नाही तर स्टील अस्सल, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. भांड्यांपुरतं ते ठीक आहे. पात्याला मात्र हा नियम उलटा लागतो. डब्यांचं, ताटांचं ३०४ जातीचं स्टील गंजत नाही, पण तापवून-विझवून त्याला कडकपणा आणता येत नाही. त्याचं पातं केलं तर धार टिकणार नाही. चाकूला लागतं ४२०, ४४० किंवा ५सीआर१५एमओव्ही अशा जातीचं कडक होणारं स्टील, आणि त्याला चुंबक चिकटतोच. तेव्हा पात्याला चुंबक चिकटला नाही तर सावध व्हा.

पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' कोरलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. जात लिहिलेली असेल तर थोडा भरवसा. त्यातही ३सीआर१३ हे मऊपैकी. त्याची धार लवकर जाते, पण साध्या दगडावर दोन मिनिटांत परतही येते. पहिल्या खरेदीला मला ते चालतं. महाग, फार कडक पोलादाची धार परत आणणं नवख्याला जमत नाही आणि मग तो बोथट चाकू घेऊनच हिंडतो.

तयार संचातलं काय सोडायचं

ऑनलाइन मिळणाऱ्या सर्वायव्हलच्या डब्यात साधारण त्याच वस्तू असतात. दोन कड्यांमधली तारेची करवत असते. ओल्या लाकडात ती अडकते आणि चार-पाच ओढींत तुटते. बटणाएवढं होकायंत्र असतं. अशी तीन शेजारी ठेवून बघा, तीन दिशांना उत्तर दाखवतील. चकमकीची कांडी असते. ती खरंच चालते, पण आपल्या जंगलात आग लावायचीच नसते, त्याबद्दल पुढं येईल. हातात घालायचं दोरीचं कडं असतं. खऱ्या पॅराशूट दोरीचा ताण साधारण २५० किलोचा सांगतात, पण कड्यातली दोरी खरी आहे की नकली हे तुम्हाला बघून कळत नाही. कळलं तरी त्या दोरीवर माणूस उतरवायचा नाही. डोंगरकड्यावरून उतरायचे दोर, हार्नेस आणि ते वापरायचं शिक्षण हा वेगळाच विषय आहे. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत गेली तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सची माणसं दोरावरून खाली उतरली, त्यामागं त्यांची वर्षानुवर्षांची तयारी होती.

काही डब्यांत सर्पदंशासाठी म्हणून एक ब्लेड आणि विष ओढायची रबरी पिचकारी असते. ती काढून थेट कचऱ्यात टाका. हे मी फार कळकळीनं सांगते. चावल्या जागी चीर देऊ नका, तोंडानं किंवा पिचकारीनं ओढू नका, वर दोरी करकचून बांधू नका, बर्फ लावू नका. विष असं निघत नाही. जखम मात्र चिघळते, रक्त वाहत राहतं आणि वेळ जातो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. जांभ्याच्या सड्यावर, दगडांच्या बेचक्यांत फुरसं असतं आणि ते मातीच्याच रंगाचं दिसतं. दंश झालाच तर माणसाला बसवा, धीर द्या. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयाकडं निघा. साप मारायला किंवा पकडायला मागं जाऊ नका. या सगळ्यात मल्टिटूलचं काम एकच: बोटात अडकलेली अंगठी कापणं किंवा घट्ट बाही उभी चिरणं.

तसंच आग्यामोहोळ उठलं किंवा समोर गवा आला तर चाकूचा काडीचाही उपयोग नाही. पोळ्याच्या वाटेवर अत्तर, धूर, आरडाओरडा टाळायचा. गवा दिसला तर थांबायचं आणि त्याला वाट मोकळी द्यायची.

चंचीत बाकी काय

मी दोन हजारांचा हिशेब असा धरते. पकडीच्या मल्टिटूलवर जास्तीत जास्त १,२०० रुपये. डोक्याला लावायच्या बॅटरीवर ४००. उरलेल्या ४०० मध्ये बाकी सगळं.

बॅटरी डोक्यालाच लावायची हवी, हातात धरायची नको. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. सेलवाली असेल तर जादा सेल सोबत ठेवा आणि प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती संपणार नाही. चार्जिंगची असेल तर निघायच्या आदल्या रात्री चार्ज करा, महिन्यापूर्वीच्या चार्जवर विसंबू नका. मोबाइलची बॅटरी उजेडासाठी खर्चू नका. तो फोन करायला लागेल.

शिट्टी ही सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी वस्तू. प्लास्टिकची, आत गोटी नसलेली घ्या. ओली झाली तरी वाजते. डोंगरातला मदतीचा इशारा ठरलेला आहे: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर देतो. रात्री बॅटरीचा उजेडही याच पद्धतीनं लावायचा आणि झाकायचा. धुक्यात आपली हाक पन्नास पावलांवर विरते, शिट्टी पार पलीकडच्या सोंडेवर जाते. हे सोबतच्या सगळ्यांना पायथ्यालाच शिकवा.

पापुद्र्याएवढी पातळ चंदेरी चादर शंभरच्या आत मिळते. ती ऊब तयार करत नाही, शरीराची ऊब परत फेकते. त्यामुळं आधी ओले कपडे बदला, खाली सॅक किंवा पालापाचोळा घ्या, मग अंगाभोवती लपेटा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि डोंगरमाथ्यावर वारा थांबत नाही. भिजून वाऱ्यात बसलेला माणूस पावसाळ्यातही थंडीनं गारठून जातो, बडबडायला लागतो. अशा वेळी या चादरीचा खरा उपयोग कळतो.

बाकी किरकोळ: चार मिलिमीटरची दहा मीटर दोरी, तंबू-ताडपत्री आणि सॅक बांधण्यापुरती. पोती शिवायचा दाभण आणि जाड मेणाचा धागा. उसवलेला पट्टा त्यानं पाच मिनिटांत शिवून होतो, आणि हा दाभण कुठल्याही किराणा-बाजारात दहा-वीस रुपयांत मिळतो. पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळलेली मीटरभर कापडी चिकटपट्टी. बाइंडिंग वायरची दोन भेंडोळी. चार केबल टाय. चिमटा, कात्री, क्रेप बँडेज, गॉज. लायटर. हे सगळं घट्ट तोंडाच्या पारदर्शक पिशवीत, आणि ती पिशवी कापडी पाउचमध्ये.

माण-खटावकडं हिंडणाऱ्यांनी एक बदल करावा. तिकडं पाऊस कमी, बाभळीचे काटे आणि ऊन जास्त. चादरीऐवजी चांगला चिमटा आणि पाण्याची जादा बाटली. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो, तो ओढून काढायला पक्कडच लागते.

गाडीत आणि नदीकाठच्या घरात

खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी असे घाट सारखे करत असाल तर गाडीत सीटबेल्ट कापायची खाचेतली धार आणि काच फोडायचं टोक असलेलं छोटं हत्यार ठेवा. ते ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं बांधून ठेवा. डिकीत ठेवलं तर नसल्यासारखंच. काच फोडायची ती बाजूची, आणि मार कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते, पण मोकळी होत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, आपल्या गाडीचं माहितीपत्रक एकदा बघून घ्या.

सांगलीकडं माझी मावशी असते, कृष्णेच्या काठच्या गावात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. तिच्या गावात रात्री पाणी अंगणात आलं तेव्हा गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या होत्या. ओल्या दाव्याची गाठ फुगून आवळली होती, अंधारात सुटेना, आणि विळा गोठ्यातच कुठंतरी पाण्याखाली गेलेला. काकांनी चुलीजवळचा भाजीचा चाकू आणला आणि त्यानं दावं कापलं. तेव्हापासून त्यांच्या दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या उंचीवर, खिळ्याला एक धारदार चाकू म्यानात टांगलेला असतो. शेजारी बॅटरी आणि शिट्टी. नदीकाठच्या प्रत्येक घरानं हे करावं असं मला मनापासून वाटतं. साखळीनं बांधत असाल तर पावसाळ्यापुरतं दावं वापरा. साखळी कुठल्याच चाकूनं कापत नाही.

पुराच्या पाउचमध्ये दोन गोष्टी वाढवा. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, आणि पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे आकडे कागदावरही लिहून ठेवा. मोबाइल भिजतो.

विजेच्या बाबतीत मात्र मल्टिटूल खिशातच राहू द्या. त्याची मूठ लोखंडी असते, वर रबर असलं तरी ते पकडीसाठी असतं, करंटसाठी नव्हे. पाण्यात उभं राहून मेन स्विचला, स्टार्टरला, पडलेल्या तारेला हात लावायचा नाही. लाइनमनला कळवा आणि लांब थांबा.

कायदा आणि जंगल

घडीचा लहान चाकू बाळगणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, घरकाम-शेतीची सोडून, शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. आपल्याला तीन इंचांच्या वर पातं लागतच नाही. बटण दाबताच उडून उघडणारे चाकू घेऊ नका, कामाचे नसतात आणि विनाकारण संशय ओढवतात. सणासुदीला, निवडणुकीत शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा गावातून हिंडताना चाकू घरी. विमानाच्या केबिनमध्ये तो चालत नाही.

वासोट्याचं वेगळं आहे आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडून आपण कोयना अभयारण्यात पाऊल ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणं अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकूही येतो. म्हणून बामणोलीला वनखात्याची परवानगी काढतानाच पाउच उघडून दाखवा. ठेवून जा म्हणाले तर मुकाट ठेवा. कात्री, चिमटा, तार, पट्टी, शिट्टी, बॅटरी यांवर वासोटा आरामात होतो. त्याच कायद्याचं कलम ३० अभयारण्यात आग लावायला बंदी घालतं. कासच्या पठारावरही काडी ओढू नका, मुक्कामाच्या नावाखाली चूल मांडू नका. शिवसागराच्या पलीकडं मोबाइलला रेंज नसते, त्यामुळं परतायची वेळ घरी सांगून निघा.

हात बसवा, निगा राखा

हत्यार घरी आलं की पहिल्या रविवारी गॅलरीत बसा. दोरीचे दहा तुकडे करा, जुन्या चपलेच्या तळाला तार बांधून बघा, जुन्या सॅकचा पट्टा दाभणानं शिवा. मग हात साबणाच्या पाण्यात बुडवून तीच कामं पुन्हा करा. मग दिवे घालवून. कापताना पातं नेहमी अंगापासून लांब ढकलायचं आणि मांडीवर ठेवून कधीच कापायचं नाही.

धार गेली तर दगड विकत घ्यायलाच हवा असं नाही. चिनीमातीच्या कपाच्या तळाला जो खरखरीत, चकाकी नसलेला गोल असतो, त्यावर पातं साधारण वीस अंशांत टेकवून, दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या. वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला की पुरे.

पावसातून आलात की त्याच रात्री सगळी पाती उघडून गरम साबण-पाण्यानं धुवा, जुन्या टूथब्रशनं सांधे घासा, पूर्ण वाळवा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. खोबरेल नको. ते थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि सांधा चिकट होतो. चिंच, लिंबू, कैरी कापली असेल तर पातं लगेच पुसा, डाग पडतात.

पाउच सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, दर वेळी त्याच जागी. तो कुठं आहे ते सोबतच्या दोघांना तरी सांगून ठेवा, कारण पडणारे तुम्हीच असू शकता. शिट्टी मात्र पाउचमध्ये नको, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधा. हात अडकले तरी नुसती मान वळवून तोंडात घेता येईल एवढ्या उंचीवर.